पात्राचा भूतकाळ : रोल-प्लेइंग खेळांतील पूर्वकथेच्या प्रश्नाचा आढावा

खेळ सुरू होण्याआधीचे पात्राचे आयुष्य म्हणजे पूर्वकथा. खेळाडूंच्या बोलीत बॅकस्टोरी. कल्पित जगातल्या रोल-प्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो : योद्धा, मांत्रिक, चोर, धर्मगुरू. उरलेले सगळे जग, म्हणजे गावे, राजे, राक्षस आणि पाऊसपाणीसुद्धा, एकटा सूत्रधार सांभाळतो. इंग्रजी पुस्तकांत त्याला गेम मास्टर किंवा डंजन मास्टर म्हणतात. पात्र काय करते ते खेळाडू तोंडाने सांगतो. जमले की फसले ते फासे ठरवतात. आठवड्याला एक बैठक धरली तर एखादी मोहीम दोन महिन्यांत आटोपते, एखादी पाच वर्षे चालते. पात्र कुठून आले, मागे कोण आहे, घरदार सोडून भुयारात शिरण्याची वेळ त्याच्यावर का आली, याची उत्तरे पूर्वकथेत असतात किंवा असावीत असे मानले जाते.

ती किती लिहावी, कधी लिहावी, कोणी लिहावी आणि लिहिलेले कोणाला बांधील असावे, यावर गेली पन्नास वर्षे मतभेद आहेत. त्यांतला लांबीचा वाद सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. खेळाडूने घरी बसून लिहिलेला भूतकाळ टेबलावर आल्यावर कोणाचा होतो, हा खरा अवघड प्रश्न. बाकीचे वाद खणत गेले की बहुधा तिथेच पोचतात.

कोऱ्या भूतकाळाची वर्षे

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातला पहिला प्रकाशित खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावातून १९७४ च्या आरंभी विक्रीस आला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. दोघेही टेबलावर चिमुकल्या फौजा मांडून लढाया खेळणाऱ्या मंडळींतले. अशा फौजेतल्या शिपायाला आईबाप नसतात, आणि नव्या खेळातल्या पात्रालाही ते नव्हते. तीन फासे टाकून बेरीज लिहायची. असे सहा वेळा केले की ताकद, बुद्धी, शहाणपण, चिवटपणा, चपळाई आणि छाप हे सहा गुण ठरत. मग पेशा निवडायचा, पैशासाठी पुन्हा दान टाकायचे, त्यातून हत्यारे घ्यायची. पात्र तयार.

ही घाई अकारण नव्हती. पहिल्या पातळीचे, म्हणजे अगदी नवखे, पात्र एका घावात मरे. एका संध्याकाळी दोन पात्रे गमावणारा खेळाडू दोघांच्या वंशावळी कशाला लिहील? गायगॅक्स यांचा मुलगा ल्यूक याच्या पात्राचे नाव त्या काळाची साक्ष देते. तक्त्यावर पुरुष या अर्थी ‘एम’ आणि वंश म्हणून ‘एल्फ’ असे लिहिलेले होते. दोन्ही एकत्र वाचले गेले आणि पात्र ‘मेल्फ’ झाले.

१९७५ साली आलेल्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या खेळाने कोऱ्या पाटीला एक युक्तीचे कारण दिले. त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई विषयांचे प्राध्यापक होते. टेकुमेल नावाच्या त्यांच्या जगाला स्वतःच्या भाषा, लिप्या, देवता आणि घराणी होती. खेळाडूंना यातले काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते. म्हणून सगळी पात्रे परदेशी ठरवली गेली : एका लहान गलबतातून जकाल्ला बंदरावर उतरलेली, तिथली भाषा न येणारी, रीतभात न कळणारी. खेळाडूचे अज्ञान आणि पात्राचे अज्ञान एकच झाले, आणि भूतकाळ समुद्रापलीकडे राहिला. नवख्यांसाठी मोहीम बांधणारे सूत्रधार ही युक्ती अजूनही वापरतात.

फाशांनी दिलेले आयुष्य

भूतकाळ हवा पण तो लिहिण्याचा व्याप नको, यावरचा पहिला तोडगा फाशांतूनच निघाला. १९७५ च्या ‘आँ गार्द’ या फ्रेंच तलवारबाजांच्या खेळात पात्राचा जन्म कोणत्या थरात झाला हे दान टाकून ठरे. १९७७ च्या ‘शिव्हलरी अँड सॉर्सरी’ने त्यात बापाचा हुद्दा, भावंडांतला क्रम आणि जन्मपत्रिकासुद्धा आणली. थोरल्याला वतन आणि धाकट्याला घोडा, हा मध्ययुगीन युरोपचा न्याय तक्त्यातून पात्राच्या वाट्याला येऊ लागला.

या वाटेवर सर्वांत पुढे गेला तो ‘ट्रॅव्हलर’. मार्क मिलर यांचा हा १९७७ चा खेळ कल्पित मध्ययुगाचा नसून अंतराळाचा आहे. पण पूर्वकथेचा आढावा त्याला वगळून घेता येत नाही. पात्र अठराव्या वर्षी सुरू होते. नौदल, भूदल, टेहळणी दल, व्यापारी जहाजे यांपैकी एकीकडे अर्ज करायचा. दान पडले नाही तर सक्तीची भरती. मग नोकरीची चार-चार वर्षांची आवर्तने. प्रत्येक आवर्तनात जगण्याचे दान, बढतीचे दान, शिकलेल्या कसबांचे दान. टेहळणी दलात जगायला दोन फाशांची बेरीज सात किंवा जास्त यावी लागते. ३६ शक्यतांपैकी २१ अनुकूल. म्हणजे अंगात विशेष चिवटपणा नसेल तर दर चार वर्षांना मरण्याची शक्यता पाचात दोनहून थोडी जास्त. पात्र घडता घडता मरत असे आणि खेळाडू हसत नवा कागद घेत असे. १९८१ च्या सुधारित आवृत्तीत मरणाऐवजी जखमी होऊन नोकरी सुटण्याचा पर्याय आला.

या पद्धतीत खेळाडूच्या हौसेला आवर बसला. जो जास्त आवर्तने काढेल त्याला कसबे जास्त, पण म्हातारपण जवळ. चौतिसाव्या वर्षापासून शरीर खचू लागे. शिवाय भूतकाळाची प्रत्येक ओळ नियमांना जोडलेली राही. पात्राला नौकानयन येते ते दुसऱ्या आवर्तनात शिकल्यामुळे, लेखकाच्या मनात आले म्हणून नव्हे. १९८८ च्या ‘सायबरपंक’ने हीच कल्पना मित्र, वैरी आणि प्रेमप्रकरणांपर्यंत नेली. त्याच वर्षी जेनेल जॅक्वेज यांचे ‘सेंट्रल कास्टिंग : हीरोज ऑफ लेजंड’ हे पुस्तक निघाले. ते कोणत्याही कल्पित जगाच्या खेळाला जोडता येई आणि त्यात जन्मापासून तारुण्यापर्यंतच्या घटनांचे तक्तेच तक्ते होते. अशा पुस्तकाचा दोषही लगेच दिसतो. फासे सुसंगतीची पर्वा करत नाहीत. एकाच पात्राला बालपणी चाच्यांनी पळवलेले असते, मठात वाढवलेले असते आणि राजाने दत्तकही घेतलेले असते. ही सांधेजोड करण्यातच मौज आहे असे या पद्धतीचे चाहते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

विकत घेतलेला वैरी

१९८१ च्या ‘चॅम्पियन्स’ या महानायकांच्या खेळाने पूर्वकथेला बाजारभाव दिला. तिथे पात्र गुणांकांच्या भांडवलातून घडवतात आणि अडचणी पत्करल्या की भांडवल वाढते. ‘मागावर कोणी आहे’ ही अशीच एक अडचण. मागावर असलेला वैरी तीन फाशांची बेरीज आठ किंवा कमी आल्यास उगवणार, की अकरा, की चौदा, यावर त्याचे मोल ठरे. जपावी लागणारी म्हातारी मावशीसुद्धा गुणांक देई. मग पूर्वकथा म्हणजे खेळाडूने सूत्रधाराला दिलेली हुंडी झाली : हा वैरी मी मागून घेतला आहे, तो माझ्या दारात आण. १९८६ च्या ‘गर्प्स’ने ही रीत सर्वदूर नेली. पण गुणांकांच्या लोभापायी एक डोळा, एक पाय आणि चार शत्रू घेऊन आलेली पात्रेही तिथूनच आली.

दुसरीकडे ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’मध्ये (१९८५) आर्थर राजाच्या सरदारांच्या मनातली निष्ठा, माया आणि द्वेष आकड्यांत मांडले गेले. सॅक्सनांचा द्वेष पंधरा असेल तर वीस बाजूंच्या फाशावर तो पारखून घ्यायचा आणि मग तो पात्राला कुठे ओढतो ते पाहायचे. पुढील आवृत्त्यांत आजोबा आणि वडील कोणत्या लढाईत होते, कसे मेले, याचा वर्षागणिक इतिहास पात्राआधी काढला जाऊ लागला. द्वेष पंधरा का, याचे उत्तर त्या इतिहासात मिळते. घराण्याला पात्राहून मोठे मानणारा हा खेळ या साऱ्या प्रवाहात एकटाच उभा राहतो, आणि पूर्वकथा व नियम यांचा इतका घट्ट सांधा नंतरही क्वचितच जमला.

१९९१ च्या ‘व्हँपायर : द मास्करेड’मध्ये पूर्वरंगाची प्रथा आली. मोहीम सुरू होण्याआधी सूत्रधार एकेका खेळाडूला वेगळे घेऊन बसे आणि पात्राची माणूस म्हणून शेवटची संध्याकाळ, ते पिशाच्च झाले तो क्षण, प्रसंगाप्रसंगाने खेळून घेई. इथे भूतकाळ कागदावरून टेबलावर आला.

आधी लिहावी, असे म्हणणारे

१९९० च्या दशकात इंटरनेटवरच्या यूझनेट चर्चांत दोन बाजूंना नावेच मिळाली : पात्र आरंभीच घडवणारे आणि पात्र खेळता खेळता घडवणारे. तेव्हापासून मांडणी सुधारत गेली असली तरी दुभंग तोच आहे.

आरंभवाद्यांचा मुख्य मुद्दा नटाच्या तयारीसारखा आहे. स्तानिस्लाव्हस्कीने नटाला भूमिकेची ‘दिलेली परिस्थिती’ आधी पक्की करायला सांगितली. माणूस कुठून आला हे ठाऊक नसेल तर तो दार कसे उघडेल हे कळत नाही. तसेच पात्राचे. गावच्या सावकाराने घर बुडवले असेल तर जादूगार व्यापारी उधारीवर मंतरलेली ढाल देऊ लागताच ते पात्र जागीच बिचकेल, आणि हे बिचकणे खेळाडूला तिथल्या तिथे सुचणे कठीण. सूत्रधारालाही कच्चा माल मिळतो. रोजचे खलनायक आभाळातून आणण्यापेक्षा खेळाडूने दिलेला भाऊ, गुरू किंवा कर्जदार पुढे आणला की टेबलावर सगळ्यांचे कान टवकारतात.

या बाजूच्या हाती एक भक्कम पुरावाही आहे. लॉस एंजेलिसमधल्या आवाज-कलाकारांचा ‘क्रिटिकल रोल’ हा खेळ मार्च २०१५ पासून थेट प्रक्षेपित होऊ लागला. सूत्रधार मॅथ्यू मर्सर. त्यातल्या पर्सी या पात्राच्या पूर्वकथेत ब्रायरवुड नावाच्या दांपत्याने त्याचे घराणे कापून काढलेले होते. तो धागा मोहिमेत आला आणि तिचा गाजलेला भाग ठरला. २०१९ मध्ये ॲनिमेशनच्या एका विशेष भागासाठी चाहत्यांकडून वर्गणी मागितली तेव्हा १ कोटी १३ लाख डॉलरहून अधिक जमले, आणि २०२२ मध्ये आलेल्या ‘द लेजंड ऑफ व्हॉक्स माकिना’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाचा कणा ब्रायरवुडांचीच कथा होती. एका खेळाडूच्या कागदावरचा भूतकाळ इतक्या दूर गेल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही. मात्र टेबलाभोवती सगळे व्यावसायिक कलाकार होते, हेही विसरून चालत नाही. शनिवारी चार तास काढणाऱ्या मित्रमंडळींनी तीच अपेक्षा धरली की सूत्रधार दमतो, अशी तक्रार तेव्हापासून वाढली आहे.

खेळता खेळता घडावी, असे म्हणणारे

दुसऱ्या बाजूचा आधार जुन्या धाटणीच्या खेळाचे पुनरुज्जीवन करणाऱ्या मंडळींत आहे. साधारण २००५ नंतर त्यांनी १९७० च्या दशकातले नियम नव्याने छापायला घेतले. त्यांच्या मते पूर्वकथा म्हणजे पहिल्या काही पातळ्यांत जे घडते ते. पात्र मेले तर फार काही गमावत नाही. जगले तर त्याचा इतिहास सगळ्या टेबलाने पाहिलेला असतो, कोणाला वाचून दाखवावा लागत नाही.

हे तत्त्व यंत्रासारखे चालताना पाहायचे असेल तर २०१२ चा ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ पाहावा. तिथे मोहिमेच्या सुरुवातीला प्रत्येक खेळाडूला एकाऐवजी तीन-चार पात्रे मिळतात, सगळी शून्य पातळीची गावकरी. शंभर बाजूंच्या फाशावर धंदा ठरतो. चीज करणारा निघाला तर त्याच्याजवळ एक सोटा आणि उग्र वासाचे चीज, एवढीच शिदोरी. जीव एक ते चार गुणांचा. पंधरा-वीस गावकऱ्यांचा हा तांडा भुयारात ढकलायचा. तोंड रुंद आणि बूड अरुंद म्हणून या प्रकाराला नरसाळे म्हणतात. संध्याकाळी जे चार-पाच बाहेर येतात ते पहिल्या पातळीचे वीर. कोणाचा भाऊ कोणत्या दारात चिरडला, ते चीज कोणत्या राक्षसासमोर टाकले, ही त्यांची पूर्वकथा. लेखणी न उचलता तयार झालेली.

या बाजूचा आणखी एक आक्षेप बिनतोड आहे. वीस पानांच्या पूर्वकथेत पात्राने तीन सेना हरवलेल्या असतात आणि पहिल्या बैठकीत ते दोन घुशींकडून मार खाते. नियम पहिल्या पातळीचे आणि भूतकाळ दहाव्या पातळीचा, हा मेळ बसत नाही.

साहित्यातला दाखलाही त्यांच्याच बाजूला झुकतो. ड्रिझ्ट डोअर्डेन हा काळा एल्फ या खेळांच्या कादंबऱ्यांतला बहुधा सर्वांत नावाजलेला नायक. जुलमी भूमिगत शहरातून पळालेला, स्वतःच्या जातीला परका, या त्याच्या कहाणीची नवख्या खेळाडूंनी अगणित वेळा नक्कल केली. पण आर. ए. साल्व्हातोर यांच्या १९८८ च्या ‘द क्रिस्टल शार्ड’मध्ये तो दुय्यम सोबती म्हणून आला. त्याच्या बालपणाची ‘होमलँड’ ही कादंबरी १९९० ची. ज्या पूर्वकथेची नक्कल होते ती स्वतः मागाहून लिहिलेली आहे.

मिळून घडवावी, असे म्हणणारे

एकविसाव्या शतकात या दोन्ही बाजूंना छेद देणारा विचार पुढे आला : पूर्वकथा आधी असो वा नंतर, ती एकट्याने लिहू नये. ‘स्पिरिट ऑफ द सेंच्युरी’ (२००६) आणि त्याच घराण्यातल्या ‘फेट कोअर’मध्ये (२०१३) प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राचे एक जुने साहस सांगतो आणि इतर खेळाडू त्यात आपापले पात्र घुसवतात. पहिल्याच बैठकीत सगळे एकमेकांना ओळखत असतात. खानावळीत अनोळखी माणसांची गाठ पडून लगेच जिवाभावाची टोळी बनते, या जुन्या अडचणीवर इतके साधे औषध दुसरे नाही. ‘डंजन वर्ल्ड’मध्ये (२०१२) पात्राच्या तक्त्यावर रिकाम्या जागांची वाक्ये छापलेली असतात : अमक्याकडून मी काही चोरले आहे, तमक्यावर माझा विश्वास नाही. नाव भरले की नाते झाले. ‘थर्टीन्थ एज’ (२०१३) प्रत्येक पात्राला जगात दुसऱ्या कोणाचीच नसेल अशी एक गोष्ट मागतो. ती मान्य केली की सूत्रधाराला आपले जग तिच्याभोवती वळवावे लागते.

सर्वांत धीट प्रयोग जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’चा (२०१७). त्यात चोरांची टोळी बेत न आखताच वाड्यात शिरते. पहारेकरी आडवा आला की खेळाडू मनावरच्या ताणाची किंमत मोजून सांगतो, ‘याला मी परवाच पैसे चारले होते,’ आणि तो प्रसंग मागे जाऊन खेळला जातो. भूतकाळ हा इथे गरज पडेल तेव्हा फोडायचा साठा आहे. आरंभवाद्यांना यात पात्राची घडण पातळ झाल्यासारखी वाटते, आणि ते अगदीच चूक म्हणता येत नाही. सोयीपुरता आठवणारा भूतकाळ पात्राला फारसा बोचत नाही.

दोन कागद

या साऱ्या वादात प्रत्यक्ष लिहिलेला कागद क्वचितच समोर ठेवला जातो. एकच पात्र दोन तऱ्हांनी लिहिलेले घ्यावे. बंदरावरची एक तरुणी, पेशाने चोर. पहिल्या कागदावर दोन पाने आहेत. तिचे वडील दीपगृह राखत. चाच्यांनी दिवा विझवून तीन जहाजे खडकावर आणली. वडिलांवर आळ आला, ते कैदेत झुरून मेले. मुलीने सात वर्षे चाच्यांचा माग काढला, म्होरक्याला गाठून मारले आणि आता ती शांत मनाने जग पाहायला निघाली आहे. मजकूर नेटका आहे, भाषा बरी आहे, आणि सूत्रधाराच्या हाती काहीच नाही. वैरी मेला, बाप मेला, सूड झाला. कथा संपल्यावर नायिका खेळायला आली आहे.

दुसऱ्या कागदावर चार वाक्ये आहेत. ‘वडील दीपगृह राखतात. एका रात्री दिवा विझला आणि तीन जहाजे फुटली. दिवा कोणी विझवला ते तिला माहीत आहे, वडिलांना नाही. दर महिन्याला ती घरी पैसे पाठवते, आणि वडील ते परत पाठवतात.’ वडील जिवंत आहेत. बुडालेल्या जहाजांचे मालक, वाचलेले खलाशी, दिवा विझवणारा हात, परत येणारे पैसे, अशी चार दारे उघडी आहेत. तो हात तिचाच असेल का, हे खेळाडूने लिहिलेले नाही. कदाचित खेळाडूलाही ते अजून ठरवायचे आहे.

लांबीचा वाद का फोल आहे ते इथे दिसते. पहिल्या कागदाची चार वाक्ये केली तरी तो बंदच राहील. दुसऱ्याची चार पाने केली आणि दारे उघडी ठेवली तर बिघडत नाही, फक्त सूत्रधाराला वाचायला वेळ लागतो. म्हणून निरनिराळ्या बाजूंची मार्गदर्शक पुस्तके एका बाबतीत बरीचशी एकमताने बोलतात : काहीतरी अपुरे ठेवा, जिवंत माणसांची नावे द्या, आणि हे पात्र चार अनोळखी लोकांबरोबर का चालले आहे याचे कारण सांगा.

अनाथ नायकांचा सुकाळ हा याच संदर्भात समजून घ्यावा. आईबाप मारून टाकण्यात आळस असतो, हे खरे. पण अनुभवही असतो. एकदा एखाद्या सूत्रधाराने पात्राच्या बहिणीला पळवून नेले की पुढच्या वेळी तो खेळाडू बहीण ठेवतच नाही. प्रेमाची माणसे केवळ ओलीस म्हणून वापरली गेली तर खेळाडू ती निर्माण करणे सोडतो. दोष मग लेखकाइतकाच वाचकाचाही ठरतो.

नियमपुस्तकांचे हेलकावे

सर्वांत खपाऊ खेळाने या वादात कोणती बाजू घेतली? त्याने बाजू बदलत ठेवल्या. २०१४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत भक्त, भामटा, लोकनायक, खलाशी, रस्त्यावरचे पोर अशा १३ पार्श्वभूमी आल्या. प्रत्येकीला स्वभावाच्या आठ ओळी आणि आदर्श, बंध व उणीव यांच्या सहा-सहा. फासे टाकून निवडले तर एका पार्श्वभूमीतून १,७२८ जुळण्या निघतात. उणिवेला धरून खेळले तर सूत्रधार बक्षीस म्हणून एक जादा फासा देऊ शके. २०१७ च्या ‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुस्तकाने आईबाप, भावंडे आणि आयुष्यातल्या घटनांचे तक्ते जोडले. चाळीस वर्षांपूर्वीची ट्रॅव्हलरची वाट पुन्हा सापडली, फक्त मरण वगळून.

२०२४ च्या नव्या पुस्तकात पार्श्वभूमी १६ झाल्या, त्यांत शेतकरी, पहारेकरी आणि लेखनिक आले. पण स्वभाव-बंध-उणिवांचे तक्ते त्यांतून गेले. त्याऐवजी पात्राच्या मूळ गुणांतली वाढ पार्श्वभूमीला जोडली गेली. पूर्वी ही वाढ वंशाकडून येई, आणि जन्माने कोणी बलवान वा मंद ठरावा यावर आक्षेप होते; ते या बदलाने बरेच निवळले. नवा आक्षेप असा की मांत्रिक घडवणारा खेळाडू आता बुद्धी वाढवणारी पार्श्वभूमीच शोधतो आणि शेतकऱ्याचा मुलगा मांत्रिक होण्याची शक्यता आकड्यांनीच कमी होते. सूत्रधाराच्या पुस्तकात नवी पार्श्वभूमी घडवण्याचे नियम आहेत, पण मग परवानगी हवी. ‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या आवृत्तीत गुणांची वाढ वंश, पार्श्वभूमी आणि पेशा या तिन्हींत वाटलेली असल्याने तिथे हा पेच सौम्य आहे.

संगणकावरचे खेळ

संगणक खेळाडूने लिहिलेला परिच्छेद वाचून प्रतिसाद देत नाही, म्हणून तिथे प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ने (१९९९) नायकाची स्मृतीच घालवली, शवागारात जागा झालेला तो आणि खेळाडू दोघेही एकाच वेळी भूतकाळ शोधतात. बार्कर यांचे गलबतच हे, फक्त आत वळवलेले. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ने (२००९) सहा आरंभ दिले आणि निवडलेला आरंभ खेळून पूर्ण करायला लावला. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) स्वतःचे कोरे पात्र घेता येते किंवा लेखकांनी भूतकाळासह घडवलेल्यांपैकी एक, ते न निवडल्यास सोबती म्हणून भेटतात. कोरे पात्र घेतले तर जगाशी त्याचे नाते फारसे जुळत नाही, आणि घडवलेले घेतले तर ते परक्याचे वाटते. या दोहोंतला मेळ अजून कोणी पुरता घातलेला नाही.

जे मिटलेले नाही

मालकीचा प्रश्न तसाच आहे. खेळाडूने लिहिलेला गुरू सूत्रधाराने देशद्रोही ठरवला तर ती उत्तम कलाटणी की घुसखोरी? कर्णाच्या जन्माचे रहस्य कुंतीला आणि कृष्णाला ठाऊक होते, कर्णाला नव्हते. युद्धाच्या तोंडावर ते त्याच्यासमोर आले म्हणून त्याचे मोल. टेबलावर असे रहस्य ठेवायचे तर पात्राइतकेच खेळाडूलाही अंधारात ठेवावे लागते. समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी १९८३ च्या ‘शेअर्ड फँटसी’ या अभ्यासात माणूस, खेळाडू आणि पात्र अशा तीन थरांत हा खेळ एकाच वेळी चालतो असे दाखवले. पात्राला बसलेला धक्का कधी माणसापर्यंत पोचतो, आणि तिथे कलाटणीचे कौतुक संपते. काही टेबलांवर आता आधीच विचारून घेतात : या भूतकाळातले काय हलवू आणि कशाला हात लावू नको? धक्का थोडा बोथट होतो, भांडणे बरीच वाचतात.

पूर्वकथांत छळ, अत्याचार, कुटुंबाचा संहार सर्रास असतो, आणि टेबलावर बसलेल्या कोणाच्या आयुष्यातून तो गेलेला असू शकतो. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये मांडलेली ‘रेषा आणि पडदे’ ही पद्धत, म्हणजे काय मुळीच नको आणि काय पडद्याआड घडावे हे आधी ठरवणे, आणि जॉन स्टाव्ह्रोपूलोस यांचे २०१३ चे एक्स-कार्ड, ज्याला हात लावला की प्रसंग विनाचौकशी थांबतो, ही दोन साधने बरीच रुळली आहेत. त्यांनी खेळातली धार जाते असे म्हणणारे आहेत. धार कोणाला लागते ते आधी पाहावे असे म्हणणारेही आहेत.

उरतो तो वाट्याचा प्रश्न. पाचांपैकी एकाने दहा पाने लिहिली आणि चौघांनी दोन-दोन ओळी, तर मोहीम त्या एकाच्या भूतकाळात ओढली जाते. पात्र मध्येच मेले तर त्याचा न उलगडलेला वैरी कोणाच्या मागे लागणार, आणि सहाव्या महिन्यात आलेल्या नव्या पात्राला इतरांइतका भूतकाळ कुठून द्यायचा, यांवर प्रत्येक टेबल आपापली तडजोड करते. नियमपुस्तके इथे बहुतेक गप्प आहेत.

मेल्फला पूर्वकथा नव्हती. त्याच्या नावाचा आम्लबाणाचा मंत्र, ‘मेल्फ्स ॲसिड ॲरो’, २०२४ च्या पुस्तकातल्या मंत्रांच्या यादीत अजूनही आहे.